खाऱ्यावरचं गोडं

मागच्या उन्हाळ्यात भाची शाळेच्या सामान्यज्ञान स्पर्धेची तयारी करत होती. प्रश्नांची छापील वही माझ्या हातात, ती झोपाळ्यावर, आणि उत्तरं धडाधड येत होती. 'हवामानबदलामुळे सर्वांत आधी बुडणारा देश कोणता?' 'किरिबाटी.' बरोबर. पुढचा प्रश्न भारताच्या पहिल्या उपग्रहाचा होता, त्याच्या पुढचा घटपर्णीचा. वहीतलं उत्तर जुळत होतं म्हणून मीही पान उलटलं. रात्री भांडी आवरताना मात्र ते एकच उत्तर परत परत आठवू लागलं. सव्वा लाखाच्या आसपास माणसं आज जिथे राहतात, पाणी भरतात, मासे मारतात, मुलांना शाळेत धाडतात, त्या देशाची आपल्या मुलांना असलेली सगळी ओळख काय, तर तो बुडणार आहे. तो कसा आहे, कशाचा बनलाय, तिथल्या विहिरीला पाणी कुठून येतं, हे कुणी विचारत नाही. ते मला लागलं, आणि मग पुष्कळ दिवस मी त्या बेटांच्या मागे लागले.

आमच्या दिवाणखान्यात भिंतीवर जगाचा मोठा नकाशा आहे. त्यात हा देश शोधायला गेले तर तो एका जागी सापडेना. आपल्याकडचे नकाशे पॅसिफिकमध्ये कापलेले असतात आणि नेमका त्या कापावर हा देश पडतो. गिल्बर्ट बेटांचे ठिपके उजव्या कडेला, फिनिक्स आणि लाइन बेटांचे ठिपके पार डाव्या कडेला. तिथले लोक 'किरिबास' म्हणतात, म्हणून मीही इथून पुढे तसंच म्हणते. विषुववृत्त आणि १८० अंशांचं रेखावृत्त, दोन्ही याच्या समुद्रातून जातात. उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम अशा चारही गोलार्धांत पसरलेला हा जगातला एकमेव देश. आंतरराष्ट्रीय वाररेषा पूर्वी देशाच्या मधूनच जायची, त्यामुळे पश्चिमेकडच्या टारावात सोमवार उजाडला की पूर्वेकडच्या लाइन बेटांवर रविवारच असे. दोन्हीकडच्या कचेऱ्या एकाच वेळी उघड्या असतील असे आठवड्यातले चारच दिवस. १ जानेवारी १९९५ पासून वाररेषेला पूर्वेकडे मोठा बाक दिला गेला आणि सगळा देश एका तारखेत आला. आपल्या पाठ्यपुस्तकातल्या नकाशात ती रेषा तिथे एवढी बाहेर का गेली आहे, ते मला तेव्हा कळलं.

पसारा बघितला की छाती दडपते. बेटं ३३, जमीन सगळी मिळून सुमारे ८११ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या दीडपटीलाही पुरती पोचत नाही. आणि या जमिनीच्या नावावर असलेला समुद्र ३५ लाख चौरस किलोमीटरच्या घरात, आपल्या सबंध देशाच्या जमिनीहून जास्त. राजधानी टारावा (हे एक बेट नव्हे, चिंचोळ्या बेटांची माळ) आणि लाइन बेटांतलं किरिसमास (नकाशात किरितिमाती छापतात) यांच्यात सव्वातीन हजार किलोमीटर पाणी आहे. मुंबई-दिल्ली अंतराच्या जवळजवळ तिप्पट. शिवाय देशाच्या एकूण जमिनीतली निम्म्याच्या आसपास जमीन त्या एकट्या किरिसमासवर, तर निम्म्याहून जास्त माणसं दक्षिण टारावाच्या चिंचोळ्या पट्टीवर. जमीन एकीकडे, माणसं दुसरीकडे, मध्ये महासागर.

ही जमीन आली कुठून, याची कथा मला लहानपणी भूगोलात तीन आकृत्यांत शिकवली होती. ज्वालामुखीचं बेट, त्याच्या कडेला प्रवाळ. मग बेट खचतं, प्रवाळ वर वर वाढत राहतो. शेवटी बेट पाण्याखाली जातं आणि उरतं ते कंकणद्वीप, मध्ये उथळ लगून, म्हणजे प्रवाळानं वेढलेलं समुद्राचंच तळं. आकृत्या काढून आम्ही गुण मिळवले, पण त्यातलं आश्चर्य कुणी दाखवलं नाही. चार्ल्स डार्विनला ही कल्पना सुचली तेव्हा त्यानं खरं कंकणद्वीप पाहिलंही नव्हतं. दक्षिण अमेरिकेचा किनारा उचलला गेलेला बघताना त्याच्या मनात आलं, की एकीकडे जमीन वर येत असेल तर दुसरीकडे कुठे खाली जात असेल. १८४२ मध्ये त्यानं ते पुस्तकात मांडलं. मग वाद झाले. किरिबासच्या दक्षिणेकडच्या शेजारी, तुवालूतल्या फुनाफुती बेटावर १८९६ ते १८९८ या काळात लंडनच्या रॉयल सोसायटीनं खोल भोक पाडून पाहिलं. तीनशे मीटरच्या खाली गेले तरी प्रवाळी चुनखडीच लागत राहिली. उत्तर मिळायला १९५२ उजाडलं. मार्शल बेटांतल्या एनिवेटॉकवर छिद्रणयंत्र सुमारे १४०० मीटर खाली गेलं आणि तिथे अखेर काळा ज्वालामुखी खडक लागला, आपल्या सह्याद्रीचा असतो तसा बेसाल्ट. म्हणजे त्या बेटावर उभं राहणाऱ्या माणसाच्या पायाखाली जवळजवळ कळसूबाईच्या उंचीएवढा, केवळ जिवांच्या सांगाड्यांचा थर आहे. बोटाच्या पेराहूनही लहान प्राणी, उन्हाच्या पट्ट्यात राहण्यासाठी कोट्यवधी वर्षं पिढ्यांवर पिढ्या वर चढत आलेले.

आणि वरची माती? खरं तर ती मातीच नाही. टारावाच्या लगूनकडची चिमूटभर वाळू भिंगाखाली धरली तर तिच्यात खडकाचा एक कण दिसत नाही. प्रवाळाचे झिजलेले पांढरे तुकडे, शिंपल्यांचे कपचे, चुना साठवणाऱ्या शैवालाचे पापुद्रे, आणि पुष्कळसे फोरॅमिनिफेरा. हे एकपेशी जीव प्रवाळाच्या सपाट पठारावर, शेवाळाला धरून राहतात. काहींची कवचं चपटी, गुळगुळीत. काहींना चारी बाजूंनी बोथट काटे, अगदी छोट्या चांदण्याच. जीव मेला की कवच सुटतं, लाटा ते लोटत लोटत किनाऱ्यावर आणतात. बेटांच्या महासागराकडच्या बाजूला वादळं प्रवाळाची मोठी मोठी ढेकळं फेकतात आणि तिथे खडबडीत बांध तयार होतो. लगूनच्या बाजूला ही मऊ वाळू साचते. आज ज्यावर घरं आहेत ती टारावासारखी बेटं गेल्या काही हजार वर्षांतलीच आहेत. तिथला समुद्र त्याआधी आजच्यापेक्षा मीटरभर, कदाचित थोडा अधिक उंच होता. तो उतरला, जुनी प्रवाळभित्ती उघडी पडली आणि तिच्यावर हा सगळा माल साठत गेला. पठारावरचे जीव रोज नवी वाळू पुरवतात, लाटा रोज ती हलवतात. एका बाजूनं किनारा तुटतो, दुसऱ्या बाजूला भरतो.

या देशात प्रवाळाखेरीज दुसरा दगड जवळजवळ नाहीच.

मी कोकणातली. आमच्या आजोळची वाडी पुळणीच्या मागे, समुद्रापासून शे-दीडशे पावलांवर. माड, पोफळी, आणि मधोमध दगडी बांधणीची विहीर. रात्री अंथरुणावर पडलं की लाटांचा आवाज उशीखालून येतोय असं वाटायचं, आणि सकाळी त्याच जमिनीतून शेंदलेलं पाणी गोड. लहानपणी मला याचं फार नवल वाटे. पोहरा खाली जाई, आपटल्याचा आवाज येई, दोर ओला होत वर येई, आणि मी दर वेळी आधी जिभेवर एक थेंब घेऊन बघायची. वैशाखात चव बदलायची. मचूळ लागू लागलं की आजी पंपवाल्याला बजावायची, 'बेतानं उपस रे, खालचं खारं वर येईल.' तिला हे कुणी शिकवलं होतं कोण जाणे. तिचं म्हणणं शब्दशः खरं आहे, हे मला टारावाच्या पाण्याबद्दल वाचताना उमगलं.

त्या बेटांवर नदी नाही, ओढा नाही, डोंगर नाही. पाऊस पडतो तो थेट वाळूत मुरतो, आणि खाली समुद्राचं पाणी आधीच भरलेलं असतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा किंचित हलकं, म्हणून ते त्याच्यावर तरंगतं. वरून सपाट, खालून पोट फुगलेलं, बेटाच्या मध्यभागी सर्वांत जाड आणि दोन्ही किनाऱ्यांकडे निमुळतं होत गेलेलं असं ते पाण्याचं भिंग. हिशेब असा आहे की समुद्रपातळीच्या वर गोडं पाणी एक हात उभं असेल तर खाली चाळीस हात असायला हवं. प्रत्यक्षात कंकणद्वीपावर एवढं मिळत नाही. काही मीटर खोल गेलं की जुनी, छिद्राछिद्रांची चुनखडी लागते, तिच्यातून भरती-ओहोटी आतबाहेर करते आणि गोडंखारं मिसळून जातं. बेट जेवढं रुंद तेवढं भिंग जाड; अरुंद पट्टीवर ते टिकतच नाही. भिंगाला भिंत नाही, तळ नाही. वरून पाऊस येत राहिला आणि माणसानं हात आखडता ठेवला, तरच ते असतं.

दक्षिण टारावाचं नळाचं पाणी मुख्यतः बोनरिकीच्या राखीव जागेतून येतं, विमानतळाजवळ. तिथे उभी बोअरवेल मारत नाहीत. मारली तर उपशाच्या जागेखालून खारं पाणी सुळक्यासारखं वर चढतं, आणि एकदा चढलं की ती जागा लवकर सुधारत नाही. म्हणून पाण्याच्या पातळीच्या जरा खाली छिद्रं पाडलेले आडवे पाइप पुरलेत, भिंगाची वरची पातळ चकती तेवढी हलकेच काढून घेण्यासाठी. आजीचं 'बेतानं' तिथे अभियंत्यांनी जमिनीत पुरून ठेवलं आहे. पण त्या जागेवर माणसांचीही नजर आहे, कारण टारावात राहायला जागाच नाही. पाणी राखायचं तर त्याच्या वर घरं, डुकरं, शौचकूप नकोत. आणि ज्यांची ती वाडवडिलांची जमीन त्यांना 'तुमच्या जमिनीखाली सगळ्या शहराचं पाणी आहे' म्हणून तिथून हलायला सांगणं सोपं नाही. या भांडणात मला कुणालाच दोष देता येत नाही.

पण हे पाणी वापरायची त्यांची जुनी रीत मला फार थोर वाटते. ते बाबाई लावतात. बाबाई म्हणजे आपल्या अळूच्या कुळातलं दांडगं झाड, माणसाच्या डोक्यावर जाणारी पानं आणि खाली भला मोठा कंद. अळूला ओल हवी, आणि बेटाच्या वाळूत ओल कुठली! मग त्यांनी काय केलं, तर वाळू आणि कठीण प्रवाळी थर फोडून पाणी लागेपर्यंत खड्डे खणले, शिंपल्याच्या आणि लाकडाच्या अवजारांनी. खड्ड्याचा तळ म्हणजे भिंगाचा माथा. त्यात केवड्याच्या जातीच्या पानांची बिनबुडाची टोपली उभी करायची, तीत कुजलेला पाला, वाळलेली पानं, काळी माती भरायची आणि मध्ये रोप. वर्षानुवर्षं पाला घालत राहायचं. भरतीबरोबर खड्ड्यातलं पाणी बोटभर चढतं, ओहोटीला उतरतं. जिथे माती नव्हती तिथे पिढ्यांनी हातानं माती केली. हे खड्डे वारशानं उतरतात आणि बाबाई मोठ्या जेवणावळीत मानानं वाढली जाते. भोवती माड, केवड्याची बनं, नीरफणस. एवढ्या लांबच्या बेटांवर आमच्या आगरातली ही ओळखीची मंडळी भेटली तेव्हा मला कुणी नातेवाईक सापडल्यासारखा आनंद झाला. नीरफणसाच्या कापांचा तळणीतला वास तिथेही कुणाच्या तरी नाकात जात असणार.

समुद्राचं वेळापत्रक ज्याला कळतं तोच इथे टिकतो. कोकणात भरतीच्या दोन तऱ्हा कुणालाही ठाऊक असतात: उधाणाची आणि भांगाची. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग. तेव्हा पाणी धड चढतही नाही, धड उतरतही नाही. दुसऱ्या महायुद्धात, २० नोव्हेंबर १९४३ रोजी, टारावाच्या जपानी ताब्यातल्या बेसिओ बेटावर अमेरिकी सैन्य उतरलं तेव्हा भांग होता, त्यात चंद्र पृथ्वीपासून लांब. टारावावर पूर्वी राहिलेल्या फ्रँक हॉलंड या अधिकाऱ्यानं आधीच सांगितलं होतं की या दिवसांत प्रवाळाच्या पठारावर नावा तरंगण्याइतकं पाणी नसेल. हल्ला ठरल्या दिवशीच झाला. नावा पठाराच्या कडेला टेकल्या आणि माणसं छातीएवढ्या, कमरेएवढ्या पाण्यातून, समोरून गोळ्या येत असताना, शेकडो मीटर चालत निघाली. तीन दिवसांत एका बाजूचे हजाराच्या आसपास आणि दुसऱ्या बाजूचे, जपानी सैनिक आणि कोरियन मजूर धरून, साडेचार हजारांहून जास्त मेले. जेमतेम तीन-साडेतीन किलोमीटर लांबीचं ते बेट. युद्धाच्या इतिहासात तोफांची नावं येतात; मला मात्र त्या मरणांत पठारावर अडलेलं दोन हात पाणी दिसत राहतं.

त्याच बेसिओला शेजारच्या बाइरिकी बेटाशी जोडणारा रस्ता जपानच्या मदतीनं १९८७ मध्ये समुद्रात भराव घालून झाला. त्याआधीही दक्षिण टारावाची छोटी बेटं अशाच भरावांनी एकमेकांना जोडली गेली होती. रस्ता हवाच होता, त्याबद्दल वाद नाही. इस्पितळात जायला होडीची आणि भरतीची वाट कुणी का पाहावी? पण बेटांमधल्या ज्या फटींतून महासागराचं पाणी, मासे आणि वाळू लगूनमध्ये ये-जा करत होती त्या बुजल्या. लगूनमध्ये बिकेमन नावाचं एक छोटं बेट होतं. प्रवाह बदलले, त्याला मिळणारी वाळू तुटली, आणि ते पाण्याखाली गेलं. पुढे जगभर त्याचं उदाहरण 'समुद्र चढल्यामुळे बुडालेलं बेट' म्हणून दिलं गेलं. मला हे मनापासून खटकतं. समुद्र चढतोच आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण बिकेमनच्या जाण्यात भरावाचा मोठा वाटा होता, आणि ते सांगितलं तरच पुढचा रस्ता बांधताना खाली पाणी जायला जागा ठेवली जाईल.

सगळा देश समुद्राच्या वर दोन-तीन मीटर, पण त्याला एक अपवाद आहे. बनाबा. पृथ्वीच्या हालचालीत वर उचललं गेलेलं हे प्रवाळी बेट, सहा चौरस किलोमीटरचं, सर्वांत उंच जागा सुमारे ऐंशी मीटर. इथे लगून नाही आणि पाण्याचं भिंगही हाताशी नाही. पाणी असे ते जमिनीखालच्या गुहांत. तिथे उतरायचा हक्क बायकांचा. अंधारात, अरुंद भेगांतून सरपटत, नारळाच्या करवंट्यांत त्या पाणी भरून आणत. अवर्षणात गाव त्या गुहांवर जगे. म्हणजे समुद्र चढला तर माणसांनी जायचं कुठे, या प्रश्नाचं उत्तर देणारी उंची देशाकडे होती. पण १९०० मध्ये तिथला दगड म्हणजे उत्तम फॉस्फेट असल्याचं उघड झालं आणि खाण सुरू झाली. १९७९ पर्यंत बेटाचा वरचा थर जहाजांत भरून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या शेतांवर पसरला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ च्या डिसेंबरात, बनाबाच्या लोकांना फिजीतल्या राबी बेटावर नेऊन वसवलं. त्यांची बहुतेक मंडळी आजही तिथेच आहेत. मागे उरले ते चुनखडीचे उघडे सुळके, ज्यांच्यावर काही पिकत नाही आणि नीट चालताही येत नाही. खाण संपली त्याच वर्षी, १२ जुलै १९७९ ला, किरिबास स्वतंत्र झाला. या तारखा मी पुन्हा पुन्हा पडताळून पाहिल्या. एवढा क्रूर योगायोग इतिहासात असतो यावर विश्वास बसत नव्हता.

आता पाऊस. या बेटांचा आणि माझ्या महाराष्ट्राचा खरा धागा इथे आहे. एरवी व्यापारी वारे पॅसिफिकचं ऊबदार पाणी पश्चिमेकडे ढकलत राहतात आणि विषुववृत्तावर खालचं थंड पाणी वर येतं. थंड पाण्यावर ढग जमत नाहीत. म्हणून विषुववृत्ताजवळचं किरिसमास चक्क कोरडं आहे. भोवती निळा महासागर, आणि बेटावर खुरटी झुडपं, शेकडो लहान खारी तळी, काहींच्या काठांवर मिठाचे थर. तिथून वायव्येला साडेचारशे किलोमीटरवरचं तेराइना मात्र पावसाच्या पट्ट्यात. तिथे गोड्या पाण्याचं तळं आहे, दलदल आहे, गर्द माडबन आहे. एकाच बेटमालिकेत अशी दोन टोकं. मग एखाद्या वर्षी वारे मंदावतात, ऊबदार पाणी पूर्वेकडे सरकतं, त्याच्याबरोबर ढगही. तो एल निनो. तेव्हा किरिबासवर पाऊस कोसळतो, भिंगं भरतात, किरिसमासवर हिरवळ येते. आणि आपल्याकडे पुष्कळदा मोसमी पाऊस रुसतो. १९७२ हे एल निनोचंच वर्ष. खडी फोडणारे दुष्काळी कामांवरचे हात, सुकडी, मिलो ज्वारी हे सगळं आमच्या घरात आईच्या तोंडून ऐकलेलं. २०१५ सुद्धा तेच. पुढच्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं. उलट, वारे एरवीपेक्षा जोर धरतात त्या ला निनाच्या वर्षी आपल्याकडे बहुधा आबादी आणि टारावात विहिरी खाऱ्या. १९९८ ते २००१ या काळात तिथे असाच लांबलचक दुष्काळ झाला. माड पिवळे पडले, बाबाई सुकली. आपल्या तोंडचं पाणी आणि त्यांच्या तोंडचं पाणी एकाच महासागराच्या हेलकाव्यावर आहे, आणि तो हेलकावा बहुतेक वेळा एकाला देताना दुसऱ्याचं काढून घेतो. लातूरच्या टँकरसमोर उभी असलेली बाई आणि टारावात विहिरीचं पाणी चाखून तोंड वाकडं करणारी बाई एकमेकींना ओळखत नाहीत. त्यांनी ओळखावं असं मला वाटतं.

तर, बुडणं. २०१० मध्ये आर्थर वेब आणि पॉल केंच या अभ्यासकांनी टारावासह मध्य पॅसिफिकमधल्या २७ बेटांची जुनी हवाई छायाचित्रं आणि नवी उपग्रहचित्रं ताडून पाहिली. त्या दशकांत समुद्र चढत असूनही बहुतेक बेटांचं क्षेत्रफळ तेवढंच राहिलं होतं किंवा वाढलं होतं. लहान झाली ती चारच. टारावात त्यातली काही वाढ माणसांनी घातलेल्या भरावाची, पण सगळीच नाही. हे वाचून काहींनी 'बघा, काही होत नाही' असा सूर लावला. तो मला 'बुडणारा देश' म्हणण्याइतकाच उथळ वाटतो. वाळूचं बेट सरकतं, वळतं, एका टोकाला झडून दुसऱ्याला वाढतं. वाढलेल्या टोकावर घर नसतं आणि झडणाऱ्या टोकावर असतं. शिवाय बेट बुडायच्या कितीतरी आधी पाणी खारं होतं. उधाणाच्या भरतीला वारा मिळाला की लाट बांध ओलांडून आत येते, बाबाईच्या खड्ड्यात आणि विहिरीत उतरते. पाणी ओसरतं, खार राहतो. तो धुऊन निघायला पावसाचे कित्येक महिने जातात. दरम्यान कंद कुजतो, आणि मोठा बाबाई काही एका वर्षात होत नाही. अनोटे टाँग राष्ट्राध्यक्ष असताना २०१४ मध्ये किरिबासनं फिजीत जमीन विकत घेतली, तेव्हा जगभर बातमी झाली की हे निघाले. त्यांच्या नंतर आलेल्या सरकारनं सोडून जाण्याच्या भाषेपेक्षा इथेच राहण्याच्या तयारीवर भर दिला. मला दोन्ही समजतात. आजोळच्या विहिरीचं पाणी आता वर्षातले बरेच महिने पिण्याजोगं नसतं, मामानं टाकी बांधून घेतली, आणि तरी घर विकायचा विषय कुणी काढला की तो उठून आगरात जातो.

शेवटी सगळं पठारावरच्या जिवांवर येतं. वाळू तेच देतात, लाटेचा जोर तेच मोडतात. २०१५-१६ च्या त्याच एल निनोनं, ज्यानं आपल्याकडे लातूर कोरडं केलं, किरिसमासभोवतीचा समुद्र जवळजवळ दहा महिने तापवून ठेवला. प्रवाळाच्या पेशींत राहून त्याला खाऊ घालणारं शैवाल उष्णतेनं निघून जातं आणि प्रवाळ पांढरा पडतो. तसाच राहिला तर मरतो. तिथले बहुतेक प्रवाळ मेले. तिथे वर्षानुवर्षं पाण्यात उतरून एकेका प्रवाळाला खूण करून ठेवणाऱ्या संशोधकांना मात्र एक गोष्ट दिसली, जी तोवर कुणी अपेक्षिली नव्हती. मेंदूसारख्या वळ्या असलेले काही प्रवाळ, पाणी अजून तापलेलंच असताना, पांढऱ्याचे पुन्हा रंगीत झाले. उष्णता सोसणारं वेगळं शैवाल त्यांच्यात वाढलं होतं. आणि हे झालं ते गावांपासून, सांडपाण्यापासून आणि बंदराच्या गाळापासून दूरच्या प्रवाळांत. वस्तीजवळच्यांना तसं सावरता आलं नाही. समुद्राचं तापमान किरिबासच्या हातात नाही, ते आपल्यासारख्या मोठ्या देशांच्या हातात आहे. पण गावाचं सांडपाणी पठारावर सोडायचं की नाही, हे बेटावर ठरवता येतं. टारावाच्या चिंचोळ्या पट्टीवर आज देशाच्या निम्म्याहून जास्त लोकसंख्येचं ओझं आहे, तिथलं सांडपाणी लगूनमध्ये आणि पठारावरच जातं, आणि त्याच पठारावर फोरॅमिनिफेरा उद्याची वाळू तयार करताहेत.